चेटकीण नेहमी वाईटच का असते? 'ओझ'च्या हिरव्या चेटकिणीची गोष्ट

टोकदार काळी टोपी, बाकदार नाक, हातात झाडू. चेटकीण म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. फँटसीमध्ये गॅन्डाल्फ किंवा डम्बलडोरसारखा जादू करणारा म्हातारा ज्ञानी गुरू असतो. जादू येणारी म्हातारी मात्र बहुतेकदा खलनायिका ठरते. असं का?

भीतीचं मूळ

१५व्या ते १८व्या शतकात युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून अंदाजे ४० ते ६० हजार लोकांना मारण्यात आलं. त्यात सुमारे तीन चतुर्थांश महिला होत्या. बायका चेटकाकडे लवकर वळतात, असा दावा करणारा 'मॅलियस मॅलेफिकारम' हा ग्रंथ १४८६ सालचा. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'मधली चेटकीणही जंगलात एकटी राहणारी म्हातारीच आहे. शेवटी तिला भट्टीत ढकललं जातं.

सासूबाईंचं पुस्तक

१९०० साली एल. फ्रँक बॉम यांनी 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ'मध्ये दुष्ट चेटकिणींसोबत चांगल्या चेटकिणीही आणल्या. त्यांच्या सासूबाई मटिल्डा जोस्लिन गेज अमेरिकेतल्या महिला मताधिकार चळवळीच्या नेत्या होत्या. चेटकीण ठरवल्या गेलेल्या बायका खरं तर त्या काळातल्या जाणकार होत्या, अशी मांडणी त्यांनी १८९३ च्या पुस्तकात केली होती. जावयाच्या लेखनावर त्याचा प्रभाव पडला, असं अनेक अभ्यासक मानतात.

हिरवा रंग आला कुठून?

बॉम यांच्या पुस्तकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण एका डोळ्याची आहे. तिचा हिरवा चेहरा १९३९ च्या सिनेमाची देणगी. १९९५ मध्ये ग्रेगरी मॅग्वायर यांनी 'विकेड' कादंबरी तिच्याच बाजूने लिहिली. बॉम यांच्या आद्याक्षरांवरून तिला 'एल्फाबा' हे नाव दिलं. रंगामुळे हिणवली गेलेली ही मुलगी सत्तेला प्रश्न विचारते आणि म्हणून दुष्ट ठरते. त्यावर २००३ मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका आली, २०२४ मध्ये सिनेमा.

गोष्टीबाहेर काय?

महाराष्ट्रात सातपुड्याच्या भागात 'डाकीण' ठरवून महिलांना मारहाण झाल्याच्या बातम्या अजूनही येतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, करणी केल्याचा आरोप करून कुणाला त्रास देणं हा गुन्हा आहे. एल्फाबाची बाजू मांडायला निदान एक लेखक तरी मिळाला. या महिलांची बाजू मात्र बऱ्याचदा पोलीस ठाण्यापर्यंतही पोहोचत नाही.