आधी तलाव, मग वाडा

लाखांदूरहून अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागलं, की श्रावणात आभाळाचा भरवसा राहत नाही. एका गावावर झड लागलेली असते, तर पुढच्या गावात कवेलूंवरून वाफ निघेल इतकं लख्ख ऊन. बांध्यांमध्ये रोवणी आटोपत आलेली असते. मध्येच रस्त्याच्या कडेला मातीची एक लांबलचक, वळणदार उंचवट आडवी येते. तिच्यावर मोठाली जुनी झाडं असतात आणि एखादं देऊळ. परका माणूस टेकडी समजून पुढे जातो. इथला माणूस तिला पाळ म्हणतो आणि तिच्यामागे किती पाणी भरलंय हे बघायला गाडी थांबवतो. पाळीच्या पोटाशी धानाच्या बांध्या, थोडं बाजूला आमराई आणि गावाच्या उंच अंगाला मालगुजाराचा, म्हणजे जुन्या गावमालकाचा, वाडा. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या कितीतरी जुन्या गावांची मांडणी अशीच आहे. हीच मांडणी सर्वांत मोठ्या प्रमाणावर बघायची, तर नवेगाव बांधला जावं. तिथे सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी आहे, चहूकडे डोंगर आहेत, काठावर विश्रामगृहं आहेत आणि टेकडीवर हिलटॉप गार्डन आहे. सुटीच्या दिवशी नागपूरपासूनची माणसं तिथे पाऊस बघायला येतात.

बागेत उभं राहून खाली बघणाऱ्याला हा निसर्गाचा देखावा वाटतो. ढग उतरला की तलावातलं मालडोंगरी बेट पुसलं जातं आणि उघडीप झाली की पुन्हा दिसू लागतं. पण हे पाणी निसर्गाने तिथे ठेवलेलं नाही. ते माणसांनी, टोपल्यांनी माती वाहून अडवलेलं आहे, आणि अडवलं ते बघण्यासाठी नव्हे, तर धानासाठी. तळ्याकाठच्या घराची आपल्याकडची कुळी शोधायला निघालं, की दर वेळी पाय याच मातीच्या पाळीपाशी येऊन थांबतात.

जगात इतरत्र उलटी रीत सापडते. इंग्लंडातला ब्लेनहाइम राजवाडा आणि त्याच्यापुढचा तलाव जगभर वाखाणला जातो. तो राजवाडा अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत बांधला गेला. त्यानंतर १७६० च्या दशकात लान्सलॉट ब्राउन या नामांकित उद्यानकाराने ग्लाइम नावाची लहानशी नदी बांध घालून अडवली आणि राजवाड्यापुढे पाणी पसरवलं. उमरावाच्या खिडकीतून बघितलं की निसर्गच पुढे यावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. तिथे घर आधी आलं आणि त्याच्या शोभेसाठी तलाव आला. त्याच शतकाच्या आरंभी, ब्राउनच्या कितीतरी आधी, कोलू पाटील कोहळी याने नवेगावचं पाणी अडवलं. त्याच्यापुढे राजवाडा नव्हता. त्याला भात पिकवायचा होता.

पाऊस भरपूर पडतो तिथे तलाव कशाला, असा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. भंडाऱ्याचा वार्षिक पाऊस साधारण १३०० मिलिमीटर. सोलापूर-नगरच्या माणसाला हा आकडा श्रीमंतीचा वाटतो. पण धानाला पावसाची बेरीज उपयोगाची नसते, त्याला वेळेवर पाणी लागतं. मृगात पऱ्हे टाकावेत आणि आर्द्रा कोरडी जावी. रोवणीसाठी चिखलणी करून ठेवावी आणि पुष्यात उघाड पडावी. आणि सर्वांत वाईट म्हणजे भारी धान गर्भावर आलेला असताना हस्ताने दगा द्यावा. तेव्हा बांधीला एक पाणी मिळालं, तर लोंब्या भरतात. नाही मिळालं, तर वर्षाची मेहनत पेंढा होऊन हाती येते. जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे जुन्या काळच्या विहिरींचा या कामी फारसा आधार नव्हता. म्हणून आषाढात वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि आश्विनात सोडायचं. इथल्या लहरी हवामानावर या मुलखाने काढलेला हा तोडगा आहे, आणि तलावाचा उगम इथेच आहे.

तो तोडगा प्रत्यक्षात उतरवण्याचं काम मुख्यतः कोहळी समाजाने केलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात कोहळ्यांची ओळखच वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे म्हणून करून दिलेली आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिकं, आणि दोन्ही पाण्यावाचून होत नाहीत. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा काशीयात्रेला गेला असता त्याने या लोकांचं पाण्याचं कसब बघितलं आणि त्यांना इकडे आणलं, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. लाखांदूर तालुक्यातल्या पिंपळगाव कोहळीसारख्या गावाने तर हा समाज आपल्या नावातच जपला आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या गोंड राजवटीचा दंडक सांगितला जातो. मला या एका वाक्यात सगळी कुळकथा सामावलेली दिसते. जमिनीचा हक्क तलवारीने किंवा दरबारातल्या वशिल्याने मिळत नव्हता. पाळ घातली, पाणी थांबलं, बांध्या भिजल्या, की त्या बांध्यांच्या मापाने माणूस मोठा होई. पाटीलकी, पुढे मालगुजारी आणि तिच्या जोरावर उठलेला चौसोपी वाडा या सगळ्या गोष्टी त्या पाळीच्या मागून आल्या.

पाळ घालण्याची विद्या कागदावर नव्हती. पहिल्या जोरदार पावसात पाणी कुठून उतरतं आणि कुठे रेंगाळतं हे बघायचं. दोन उंचवट्यांमधली अरुंद जागा हेरायची. मग उन्हाळ्यात, शेतीची कामं सरल्यावर, थरावर थर देत माती टाकायची, भिजवायची आणि बैलांच्या खुरांनी तुडवून घट्ट करायची. पाळ नेहमी वळण घेत जाते, कारण ती जमिनीचा चढ-उतार धरून चालते. पाणी सोडण्यासाठी तुडूम असे. त्याला एकाखाली एक भोकं आणि ती बंद करायला लाकडी बुचं. पाणी उतरत जाईल तसतसं वरचं बूच सोडून खालचं काढायचं. जास्तीचं पाणी जायला एका अंगाला सांडवा. त्याची उंची ठरवणं हे सर्वांत जोखमीचं काम होतं. तो फार खाली ठेवला तर तलाव भरत नाही आणि फार वर ठेवला तर एखाद्या मोठ्या झडीत पाळच फुटते. एका तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या तलावात, त्याचं पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशा साखळ्या नदीपर्यंत उतरत गेलेल्या दिसतात. लाखांदूर तालुक्यात चुलबंद वैनगंगेला मिळते. तिच्यापर्यंत पोहोचणारं पाणी एकेकाळी वाटेत कितीतरी गावांच्या बांध्या भिजवून आलेलं असे.

मोठ्या कामामागे दैवी हात असतो, ही समजूत इथेही आहे. नवेगावच्या तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि पाळ बांधताना या बहिणींनी कोलू पाटलाला मदत केली असं सांगतात. खुद्द कोलू पाटील कोलासूर देव होऊन बसला आणि त्याचं ठाणं तिथे पूजलं जातं. तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्याला देव करणारा मुलूख मला फार जवळचा वाटतो. किल्ले बांधणाऱ्यांचे पोवाडे झाले, पण पाळ बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही मागे राहिली नाहीत. कोलू पाटलाचं राहिलं ते लोकांनी त्याला नैवेद्य दाखवला म्हणून.

पाळीच्या पाझरावर आमराई आली. पाळीखालची जमीन चैत्रातही ओल धरून असते, त्यामुळे आंबा, मोह, चिंच तिथे पोसली जातात. नर्मदेकाठच्या जबलपूरकडची रीत कर्नल स्लीमन यांनी १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींमध्ये नोंदवली आहे. तिथे आमराई लावणारा तिचं चिंचेशी किंवा जाईशी लग्न लावल्याखेरीज फळ तोंडात घालत नसे. झाड आणि पाणी यांच्याशी नातं लावल्याशिवाय त्यांचा उपभोग घ्यायचा नाही, हा भाव मध्य हिंदुस्थानात दूरवर होता. आजच्या भाषेत ज्याला आपण बगीचा म्हणू, तो इथे असा उगवला. त्यात फुलांचे ताटवे नव्हते. वाटसरूला सावली, ढोरांना टेकायला जागा, लग्नाच्या पंगतीला मांडव आणि उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या, हे त्याचे उपयोग होते.

१८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलाला गावाचा मालक ठरवलं गेलं; तोच मालगुजार. मालगुजाराचा वाडा आज आपण बघतो तो मुख्यतः या काळात भरभराटीला आला. सागवानी खांब, मोठा दरवाजा, आत धानाच्या कोठ्या, मागे गोठे. पण तलावावर गावाचा हक्क शाबूत होता. कोणत्या बांधीला कधी पाणी, पाळीच्या दुरुस्तीला कोणी यायचं, मासे कोणाचे, गाळात पेरायचा हक्क कोणाचा, या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदल्या गेल्या. दर उन्हाळ्यात घरागणिक माणूस दुरुस्तीला येई आणि मासेमारी करणारे धिवर मरळ धरत, शिंगाडा लावत. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या पाळींमध्ये वेठीला धरलेल्या हातांचीही माती आहे, आणि पहिलं पाणी बहुधा मालगुजाराच्या बांधीला जाई. तरीसुद्धा पाळ फुटली तर सर्वांत आधी ज्याचं नुकसान व्हायचं, तो माणूस पाळीपासून हाकेच्या अंतरावर राहत होता. तलाव टिकले त्यामागे हे मोठं कारण होतं.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाने देशभर पाहणी केली आणि मध्य प्रांतात सरकारने स्वतः मोठे तलाव बांधायला घेतले. त्यांच्या काठांवर साहेबांच्या मुक्कामासाठी बंगले उठले, रुंद पडवीचे आणि पाण्याकडे तोंड केलेले. तळ्याकाठच्या पर्यटक निवासाचा जवळचा पूर्वज हा बंगला. मालगुजाराचा वाडा पाण्यापासून मागे, गावाकडे तोंड करून असे. बंगल्याने तोंड फिरवलं. पाण्याकडे बघत बसणं हा उद्योग इथे तेव्हा सुरू झाला.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात, म्हणजे तेव्हा भंडारा ज्यात होता त्या राज्यात, मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. गावाच्या वापराचे तलाव सरकारकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. हे तलाव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, या नावाने दप्तरात उरले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. मालकी बदलली, पण पाळीची रोजची काळजी कोणाकडे, याचं उत्तर नव्या व्यवस्थेने नीट दिलं नाही. हक्क निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या कागदात, नोंदलेले राहिले आणि कामाची सवय मोडली. गाळ साचला, पाणी येण्याच्या वाटांवर शेतं आणि रस्ते आले, पाण्यावर बेशरम पसरली. लाखांदूर आणि अर्जुनी भागात इटियाडोहचे कालवे पोहोचले, तेव्हा पाण्यासाठी पाळीकडे बघणारी नजर कालव्याच्या दरवाजाकडे वळली.

नवेगावचं नशीब त्या मानाने बरं. १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी म्हणून तिथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी हा तलाव, त्यावर उतरणारे पक्षी आणि जंगलाचं ज्ञान असलेले गावचे माधवराव पाटील डोंगरवार मराठी वाचकांच्या घरी पोहोचवले. तलाव म्हणजे पक्ष्यांचं ठिकाण, ही ओळख तिथून दृढ झाली. ती सुंदर आहे, पण तीही तलावाच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा आली.

बाकीच्या हजारो तलावांसाठी गेल्या काही वर्षांत जलयुक्त शिवार आणि गाळमुक्त धरणाच्या योजनांतून यंत्रांनी गाळ काढला गेला. नुसतं खोल करण्याने तलाव सुधारतोच असं नाही. सरसकट खोदला, तर पाणवनस्पती जातात, त्यांच्या आडोशाला अंडी घालणारे स्थानिक मासे जातात आणि धिवरांची चूल थंडावते. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवरांच्या मच्छीमार संस्थांबरोबर दुसरी वाट धरली आहे. बेशरम उपटायची, तलावातल्या मूळच्या वनस्पती ओळखून पुन्हा लावायच्या आणि स्थानिक माशांची वीण जपायची. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर जगते हे सांगायला तिथे धिवर बायका आणि म्हातारी माणसं पुढे येतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की कंबरभर चिखलात उतरून लागवडही तेच लोक करतात.