जीवितकार्य कसे घडते : धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यावरून एक विवेचन

आयुष्याला हेतू हवा असे वाटणाऱ्या तरुणाला आज जो सल्ला मिळतो त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी स्वतःची आवड ओळखायची, तिच्यावरून ध्येय निश्चित करायचे, ध्येयाचे टप्पे पाडायचे आणि मग कामाला लागायचे. हा क्रम तर्काला पटतो. पण ज्यांच्या आयुष्याला आपण सार्थ म्हणतो त्यांची चरित्रे तपासली की तो क्वचितच सापडतो. बहुतेकदा माणूस एखाद्या प्रश्नाजवळ आधी जाऊन पोहोचतो, तिथे वर्षानुवर्षे राबतो, आणि त्या राबण्यातून हेतू आकार घेतो. असे असेल तर नियोजनाचा विषयच बदलतो. दूरचे ध्येय आज नेमके ठरवता येत नाही. प्रश्नाजवळ दीर्घकाळ टिकून राहण्याची सोय मात्र आज करता येते.

महर्षी कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांचा जन्म 1858 चा. सतराव्या वर्षी सरकारी नोकरीसाठी लागणारी मराठी सहावीची परीक्षा द्यायला ते कोकणातल्या मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले. वय पुरेसे दिसत नाही म्हणून परीक्षा समितीने त्यांना बसूच दिले नाही. त्या वेळी त्यांच्यासमोर असलेले ध्येय कोणत्याही गरीब, हुशार मुलाचे असते तेच होते. पुढे गणित घेऊन ते पदवीधर झाले, मुंबईत शिक्षकी केली आणि 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यास आले. आवड विचारली असती तर त्यांनी गणितच सांगितले असते. त्यांचे नाव मात्र गणितासाठी कोणी घेत नाही.

1891 मध्येच त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. 1893 मध्ये त्यांचा विवाह झाला, गोदूबाई आनंदीबाई झाल्या, आणि मुरुडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. विधवांचा प्रश्न कर्व्यांना आधी माहीत नव्हता असे नाही. त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षिताला तो माहीत होता. फरक एवढाच पडला की आता तो त्यांच्या घरात होता आणि त्याची झळ त्यांना स्वतःला लागत होती. नुसत्या माहितीतून हेतू निपजत नाही. प्रश्नाशी आपला काही व्यवहार जडावा लागतो.

त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 1893 मध्ये त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. काम करता करता त्यांच्या ध्यानात आले की पुनर्विवाह करू शकणाऱ्या, करू धजणाऱ्या स्त्रिया थोड्या. उरलेल्या हजारोंना स्वतःच्या पायावर उभे राहता येणे ही निकडीची गरज. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे तो पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर गेला. आश्रमाचा संबंध पुनर्विवाहाशी जोडला गेला तर आईबाप मुलींना पाठवणार नाहीत, हे ओळखून त्यांनी पहिल्या चळवळीतून अंग काढून घेतले. त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकले. ज्या कार्यासाठी बहिष्कार सोसला त्यापासून बाजूला होणे सोपे नसते, पण हेतू पक्का होतो तो अशाच ठिकाणी. प्रश्न नीट समजू लागला की आधीचे उत्तर सोडावे लागते. पुढे विधवांपुरते काम अपुरे वाटू लागले तेव्हा 1907 मध्ये सर्व मुलींसाठी महिला विद्यालय निघाले.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती आणि बाजूला पडली होती. 1915 मध्ये सामाजिक परिषदेचे अध्यक्षीय भाषण तयार करताना त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि 1916 मध्ये भारतात महिला विद्यापीठ उभे राहिले. हीच पुस्तिका 1893 मध्ये मिळाली असती तर तिचा काही उपयोग झाला असता का? मला तसे वाटत नाही. तिचा अर्थ लावणारी दृष्टी मधल्या वीस-बावीस वर्षांनी दिली होती. संधी ओळखण्याची पात्रता कामातून येते. म्हणून संधीची वाट पाहत काम लांबणीवर टाकणाऱ्याच्या समोरून ती निघून जाते.

आता उपजीविकेचा मुद्दा. नोकरीवर लाथ मारून उडी घेतल्याच्या कहाण्या ऐकायला फार आवडतात. कर्व्यांनी तसे केले नाही. आश्रम 1896 चा आणि ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले 1914 मध्ये. अठरा वर्षे ते दिवसा गणित शिकवत आणि उरलेला वेळ आश्रमाला देत. हिंगण्याची वाटही पायीच तुडवत. पगारामुळे काम देणगीदारांच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून राहिले नाही, आणि चुका सुधारायला अवधी मिळाला. आज बँकेत, कंपनीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्याने यातून धीर घ्यावा. आठवड्यातले ठरावीक तास, ठरावीक माणसांसोबत, अनेक वर्षे, हे नियोजन एका झटक्यात दिलेल्या राजीनाम्याहून जास्त टिकते.

स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यातल्या पेठांमध्ये राहणाऱ्या मुलामुलींबद्दल मला मनापासून कळकळ वाटते, ती एका कारणाने. त्यांच्या कष्टात कसूर नसते. पण त्यांचा सगळा हेतू एका पदावर टांगलेला असतो, आणि पदे मोजकी असतात. तहसीलदार होऊन काय सोडवायचे आहे, हे ज्याला सांगता येते, त्याच्याकडे निकालानंतरही काही शिल्लक राहते. पाणी, जमिनीच्या नोंदी, आदिवासी मुलांची शाळागळती यांपैकी कोणत्याही प्रश्नावर पद नसतानाही काम सुरू करता येते.

अशा विवेचनात सहसा गाळली जाणारी बाब म्हणजे किंमत कोण मोजतो. कर्व्यांनी मिळेल ते आश्रमाला दिले. घर चालवले ते आनंदीबाईंनी, ज्यांना सगळे बाया म्हणत. पैशाची चणचण, बहिष्कार, मुलांचे आजार आणि शिक्षण, हे सारे त्यांच्या अंगावर आले. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत मांडले, हे मराठी वाचकांचे भाग्य. कर्व्यांचे पुत्र रघुनाथ यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये प्राध्यापकी सोडली आणि 1927 पासून 1953 पर्यंत, मृत्यू येईतो, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. तिथेही ओढगस्तीच्या संसाराचा भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी उचलला. या स्त्रियांचे योगदान त्याग या शब्दात गुंडाळून पुढे जाणे मला मान्य नाही. दोघांपैकी एकाच्या हेतूसाठी दुसऱ्याच्या आयुष्याचा आराखडा बदलत असेल, तर त्याची चर्चा आधी व्हायला हवी. किती पैसे घरात येतील, किती वर्षे ओढाताण चालेल, आणि दुसऱ्याच्या कामाची पाळी कधी येईल, हे प्रश्न नियोजनाच्या पहिल्याच पानावर लिहावेत.

आपण मानतो तो खरोखर हेतू आहे की नुसता उत्साह, हे पारखायचे कसे? त्या कामातला कंटाळवाणा भाग आपण सांगितल्याशिवाय करतो का, हे पाहावे. ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांच्या स्थितीत फरक पडतो की नाही, हे मोजायची तयारी आहे का, हेही पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत काम करत आले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्याने त्या गावांतला नवजात-मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला, हा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे वर्षानुवर्षे ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. सेवेची भावना अनेकांजवळ असते. नोंदवही भरण्याची चिकाटी फार थोड्यांजवळ.

राहिला वयाचा प्रश्न. पंचविशीत ध्येय सापडले नाही म्हणून खचलेली मुले भेटतात, आणि चाळिशी आली म्हणून विषयच सोडून दिलेली माणसे त्याहून जास्त. आश्रम निघाला तेव्हा कर्वे 38 वर्षांचे होते, महिला विद्यापीठ निघाले तेव्हा 58 वर्षांचे. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी 1936 मध्ये मंडळ काढले, तेव्हा वय 78. जातिभेद मोडण्यासाठी समता संघ 1944 मध्ये स्थापन केला, तेव्हा 86.