मुलकी नियम

मुलकी नियम : हैदराबाद संस्थानाचा रहिवासी कोणास म्हणावे व सरकारी नोकरीचा हक्क कोणास द्यावा, हे ठरविणारे नियम. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१९ मधील फर्मानाने त्यांना निश्चित रूप मिळाले. रहिवाशास ‘मुलकी’ व बाहेरून आलेल्यास ‘गैरमुलकी’ म्हणत. निजामाच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकीस वरिष्ठ वा कनिष्ठ कोणत्याही सरकारी नोकरीत घेता येत नसे.

पार्श्वभूमी : दिवाण पहिले सालारजंग (कार. १८५३–८३) यांनी कारभाराची पुनर्रचना करताना उत्तर हिंदुस्थानातून अनेक अधिकारी आणले. त्यांच्या निधनानंतर लवकरच फार्सीऐवजी उर्दू राजभाषा झाली व बाहेरून आलेल्या सुशिक्षितांचे महत्त्व वाढले. त्यामुळे स्थानिकांत असंतोष निर्माण झाला आणि त्यांच्या संरक्षणाची मागणी पुढे आली.

तरतुदी : जन्माच्या वेळी ज्याचा पिता मुलकी असेल, तो जन्माने मुलकी ठरे. बाहेरच्यास निदान पंधरा वर्षे संस्थानात कायम वास्तव्य करून, मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. मुलकी पुरुषाशी विवाह करणारी बाहेरची स्त्री मुलकी होई. याउलट, गैरमुलकीशी विवाह करणाऱ्या मुलकी स्त्रीचा हक्क लोपे. वैधव्य किंवा घटस्फोट यांनंतर ती कायमची परतल्यासच तो तिला पुन्हा मिळे.

सीमाभागातील परिणाम : धावडा (ता. भोकरदन) हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडील खानदेश मुंबई प्रांतात, तर हा मुलूख संस्थानात होता. भाषा, पिके, बाजार व सोयरीक दोन्हीकडे एकच. भेद होता तो केवळ राज्याचा. नियमांप्रमाणे खानदेशातून धावड्यास आलेली सून विवाहाने मुलकी होई, तर धावड्याची लेक खानदेशात दिली की गैरमुलकी ठरे. खानदेशातून येथे स्थायिक झालेल्याचे मूलही, पित्यास मुलकीपण मिळण्यापूर्वी जन्मले तर, याच गावात जन्मूनही जन्माने मुलकी ठरत नसे. स्थानिकांच्या संरक्षणासाठी केलेल्या नियमांनी स्त्री व मूल यांचा हक्क मात्र पती व पिता यांच्या दर्जाशी बांधून टाकला.

शेवट : १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली. २६ जानेवारी १९५० पासून सर्वांस एकच भारतीय नागरिकत्व लाभले. तथापि नोकरीसाठी रहिवासाची अट घालण्याचा अधिकार संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने संसदेकडे ठेवला. १९५२ मध्ये हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध तीव्र आंदोलन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. संसदेच्या १९५७ च्या अधिनियमाने अशा अटी सामान्यतः रद्द केल्या, परंतु तेलंगणासह काही प्रदेशांस अपवाद केले. तेलंगणाबाबतचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अवैध ठरविला. १९७२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने तेथे मूळ मुलकी नियम अंमलात असल्याचा निर्णय दिला. आंध्र प्रदेशातील उग्र आंदोलनानंतर १९७३ मध्ये ते निरसित करण्यात आले.

नंतरचा कायदा : वास्तव्य, विवाह व जन्म हीच तीन द्वारे नागरिकत्व अधिनियम, १९५५ यातही आढळतात, मात्र ती परदेशीयांसाठी आहेत. भारतीयाशी विवाह केलेल्या व्यक्तीस, मग ती स्त्री असो वा पुरुष, सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीसाठी अर्ज करता येतो. देशीयकरणास सामान्यतः एकूण बारा वर्षांचे वास्तव्य लागते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक होता. त्या दिवसापासून माता किंवा पिता भारतीय असणे आवश्यक ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, अशी अट आली. परिणामी कागदपत्रांवाचून आलेल्या पालकाच्या दोषाचा भार येथे जन्मलेल्या मुलावर पडतो. आज विवाहाबाबत स्त्रीपुरुषभेद उरलेला नाही. पालकांच्या दर्जावरून मुलाचा हक्क ठरविण्याची पद्धत मात्र टिकून आहे.