दोन पौंडांत पैसे वसूल

१९८४ च्या एप्रिलपासून ब्रिटनमधल्या पेपरविक्यांच्या दुकानांत एक नवा माल दिसू लागला. वर्तमानपत्रं, सिगारेटी आणि चॉकलेटं यांच्या शेजारी कॅसेटींचा स्टँड. त्या गाण्यांच्या नव्हत्या, कॉम्प्युटर गेमच्या होत्या आणि प्रत्येकीची किंमत होती १ पौंड ९९ पेन्स. पेपर घ्यायला आलेल्या माणसाच्या खिशातले सुटे पैसे आणि सोबत आलेल्या पोराचा हट्ट, एवढ्या भरवशावर हा धंदा उभा राहणार होता. पुढे हेच गेम पेट्रोल पंपांवर, मोटरवेवरच्या थांब्यांवर, वूलवर्थ्स आणि बूट्ससारख्या मोठ्या दुकानांतही पोहोचले. कंपनीचं नाव होतं मास्टरट्रॉनिक.

ही किंमत किती कमी होती हे कळायला तेव्हाचा बाजार पाहावा लागतो. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हा त्याचं सगळ्यात स्वस्त मॉडेल १२५ पौंडांना मिळत होतं. रबरी बटणांचं ते छोटं काळं यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचं, साधा टेपरेकॉर्डर लावायचा, की कॉम्प्युटर सुरू. कमोडोर ६४ महाग होता, पण दोन-तीन वर्षांत तोही रुळला. यंत्र आई-वडिलांनी घेऊन दिलं, आता गेमचं काय? 'अल्टिमेट' या नावाजलेल्या कंपनीचा 'नाइट लोअर' १९८४ च्या शेवटी आला तो ९ पौंड ९५ पेन्सला. तेवढ्यात मास्टरट्रॉनिकच्या पाच कॅसेट्स आल्या असत्या. महागडा गेम घ्यायचा तर मासिकांतली परीक्षणं वाचायची, मित्राकडे थोडा खेळून बघायचा आणि मग वाढदिवसाची नाहीतर नाताळची वाट पाहायची. एवढं करून गेम टुकार निघाला, तर पुढच्या नाताळापर्यंत हळहळत बसायचं.

दोन पौंडांच्या कॅसेटला यातलं काहीच लागत नव्हतं. खाऊच्या पैशांतून ती घेता येत होती, कुणाला विचारायची गरज नव्हती.

मास्टरट्रॉनिक काढणारे मार्टिन अल्पर, फ्रँक हर्मन आणि अॅलन शॅरम हे गेम लिहिणारे लोक नव्हते. ते आले होते व्हिडिओ कॅसेटींच्या वितरणातून. माल दुकानापर्यंत कसा न्यायचा, काउंटरवर जागा कशी मिळवायची, खपेल तो माल पुन्हा किती भरायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोवर गेमची विक्री मुख्यतः टपालाने मागवणाऱ्यांना आणि कॉम्प्युटरच्या खास दुकानांतून होई. या तिघांनी गेमला शेंगदाणे-चॉकलेटांच्या रांगेत आणून बसवलं. जुन्या कंपन्यांना हे आवडलं नाही. एवढ्या स्वस्तात विकलं तर लोकांना चांगल्या गेमची किंमत उरणार नाही, अशी त्यांची धास्ती होती. पुढे काय झालं ते पाहता ही धास्ती उलटी ठरली. मुलं जास्त गेम विकत घेऊ लागली. मित्राची कॅसेट डबल डेकवर उतरवून घेण्याचा त्या काळचा सर्रास उद्योगही थोडा कमी मोहाचा झाला, कारण कोऱ्या कॅसेटला तरी पैसे पडतच होते.

निवड व्हायची ती कॅसेटच्या वेष्टनावरून. समोर एक भडक चित्र, मागे बारीक अक्षरांत चार ओळी. दुकानात खेळून पाहायची सोय नाही. घरी येऊन कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, बटण दाबायचं, की कर्कश किरकिर सुरू व्हायची. स्पेक्ट्रमच्या पडद्याच्या कडेने आधी लाल आणि आकाशी जाड पट्टे सरकायचे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरायला लागायचे, म्हणजे माहिती आत जातेय असं समजायचं. एक चित्र वरून खाली ओळीओळीने उमटायचं. चार-पाच मिनिटं हे चालायचं आणि कधी अगदी शेवटी लोडिंग एररची सूचना यायची. मग टेप मागे, पुन्हा पहिल्यापासून. हा वेळ किती कंटाळवाणा असतो हे मास्टरट्रॉनिकच्या मंडळींनाही कळत होतं. १९८७ मध्ये रिचर्ड अॅप्लिन या प्रोग्रामरने त्यांच्या कमोडोरवरच्या काही गेमसाठी 'इन्व्हेड-अ-लोड' लिहिला. मुख्य गेम टेपवरून चढत असतानाच पडद्यावर परग्रहवासी पाडण्याचा एक छोटा गेम खेळता येई. दोन पौंडांच्या मालात एवढा विचार घातलेला पाहिला की या लोकांबद्दल आदर वाटतो.

सगळेच गेम चांगले होते असं म्हणता येणार नाही. बरेचसे घाईत उरकलेले, नकली, एका संध्याकाळपुरते. 'द लास्ट व्ही ८' या गाडी चालवण्याच्या गेममध्ये पहिल्याच वळणांवर गाडी इतक्यांदा आदळायची की बहुतेकांनी पुढचा रस्ता पाहिलाच नाही. पण त्याला रॉब हबर्डचं संगीत होतं. कमोडोरच्या सिड नावाच्या चिपमध्ये फक्त तीन स्वर एका वेळी वाजत. हबर्ड व्यवसायाने संगीतकार, त्याने त्या तिनांत ताल, साथ आणि सुरावट अशी सगळी मैफल बसवली. 'अॅक्शन बायकर', 'वन मॅन अँड हिज ड्रॉइड' अशा स्वस्त कॅसेटींनाही त्याचं संगीत मिळालं. खेळायचं सोडून नुसती शीर्षकाची धून ऐकत बसणारी मुलं घरोघर होती.

काही गेम मात्र सर्वार्थाने उत्तम निघाले. शॉन सदर्नचा 'किकस्टार्ट' हा १९८५ चा गेम मोटरसायकलच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा. पडदा दोन भागांत विभागलेला, दोन मित्र शेजारी बसून एकमेकांविरुद्ध खेळणार. काही अडथळे सावकाश ओलांडावे लागत, काहींवर वेगात झेप घ्यावी लागे. सतत वेग वाढवून चालत नसे, पुढे काय येतंय ते पाहून हात आवरावा लागे. पुढच्या 'किकस्टार्ट २' मध्ये तर स्वतःचे मार्ग रचायची सोय होती. याच सदर्नने पुढे सहकाऱ्यांबरोबर 'लोटस एस्प्रिट टर्बो चॅलेंज' हा मोठ्या यंत्रांवरचा गाजलेला गेम केला आणि त्यातही तोच दुभागलेला पडदा होता.

डेव्हिड जोन्सचा 'फाइंडर्स कीपर्स'ही १९८५ चाच. मॅजिक नाइट नावाचा बुटका सरदार राजकन्येच्या वाढदिवसाची भेट शोधत किल्ल्यात हिंडतो. वरवर नेहमीच्या उड्या मारायच्या खेळासारखा, पण आत व्यापारी आहेत, त्यांच्याशी वस्तूंची देवघेव करता येते, दोन वस्तू जवळ आल्या की तिसरंच काही घडतं. त्याच मालिकेतला 'स्पेलबाउंड' आला तो मास्टरट्रॉनिकच्या २ पौंड ९९ पेन्सच्या मालिकेत. त्यात टायपिंग न करता पडद्यावर उघडणाऱ्या यादीतून हुकूम निवडायचे, वस्तू द्यायच्या-घ्यायच्या, इतर पात्रांना कामं सांगायची. महागड्या साहसकथांच्या गेममध्ये तेव्हा 'उत्तरेकडे जा' असं अक्षर-अक्षर टाइप करावं लागे. तीन पौंडांचा गेम त्यांच्या पुढे निघून गेला होता.

स्वस्त गेममध्ये कारागिरी किती असू शकते याचा सगळ्यात पक्का दाखला 'थ्रस्ट'चा. ब्रिटिश टेलिकॉम या टेलिफोन कंपनीने १९८४ मध्ये 'फायरबर्ड' नावाने गेम काढायला सुरुवात केली आणि मास्टरट्रॉनिकच्याच वाटेने एक स्वस्त मालिका उघडली. जेरेमी स्मिथचा 'थ्रस्ट' १९८६ मध्ये या मालिकेत कमोडोरवर आला, १ पौंड ९९ पेन्सला. दिसायला तो अगदीच साधा. काळा पडदा, ग्रहाच्या जमिनीची एक वेडीवाकडी रेघ, रेघांचंच तीनकोनी यान. ते डावी-उजवीकडे वळवायचं आणि इंजिनाचा झोत सोडायचा, एवढंच हातात. बाकी सगळं गुरुत्वाकर्षण करणार. झोत थांबवला की यान खाली येऊ लागतं, एकदा मिळालेला वेग आपोआप मरत नाही, तो उलट्या झोताने मारावा लागतो. गुहेच्या तळाशी एक गोळा आहे, तो दांड्याला अडकवून वर न्यायचा. गोळा अडकला की खरी परीक्षा. यान वर ओढतं, गोळा मागे झुलतो, झुलता झुलता यानालाच फिरवतो आणि दोघंही एकमेकांभोवती गरगरत भिंतीकडे निघतात. इंधन मोजकंच. जमिनीवरच्या तोफा थोडा वेळ गप्प करायच्या तर अणुभट्टीवर गोळ्या झाडायच्या, पण जास्त झाडल्या तर भट्टी फुटणार असते आणि ती फुटायच्या आत ग्रह सोडावा लागतो. पुढच्या पातळ्यांवर गुरुत्वाकर्षण उलटं होतं, त्यापुढे जमीनच दिसेनाशी होते. शाळेतली गतिशास्त्राची गणितं ज्यांना कधी समजली नाहीत, त्यांच्या बोटांना ती इथे समजली. अटारीच्या 'ग्रॅव्हिटार' या आर्केडमधल्या गेमचं ऋण यात आहे, पण झुलणाऱ्या त्या गोळ्याने मूळ कल्पनेला कुठल्या कुठे नेलं. ब्रिटिश मासिकांनी 'थ्रस्ट'ला त्या वर्षातल्या महागड्या गेमांच्या पंगतीत बसवलं.

श्रॉपशरमधल्या लडलो या छोट्या गावातून 'क्रॅश' आणि 'झॅप ६४' ही दोन मासिकं निघत. 'क्रॅश' १९८४ मधलं, 'झॅप' पुढच्या वर्षीचं. 'क्रॅश'ने गेम तपासायला गावातल्या शाळेची मुलंच बसवली होती. पानभर परीक्षण, शेवटी शंभरपैकी गुण. दोन पौंडांची कॅसेट आणि दहा पौंडांचा गेम एकाच तराजूत तोलले जात. वूलवर्थ्समधून सहज उचललेली कॅसेट पुढच्या अंकात नव्वदच्या पुढे गेलेली पाहणं, हा त्या पिढीच्या आनंदाचा एक खास प्रकार होता.

एवढ्या स्वस्त गेमांत असं नवं काही का उगवलं? लिहिणारे बहुतेक विशीतले किंवा त्याहूनही लहान. घरी, एकट्याने, काही आठवड्यांत गेम पुरा करणारे. महागड्या गेमला सिनेमाचं किंवा आर्केडचं नाव लागे, जाहिरातीचा खर्च लागे, त्यामुळे तो ठरलेल्या साच्यात बसवावा लागे. स्वस्त गेमवर असं ओझं नव्हतं. फसला तर नुकसान थोडं, म्हणून विचित्र कल्पनाही छापली जाई. घेणाऱ्याचंही तसंच. भीती नसल्यामुळे तो अनोळखी नावाला हात घालायचा. दोन्ही बाजूंचं हे धाडस एकमेकांना पोसत होतं.

मास्टरट्रॉनिकसाठी गेम लिहिणाऱ्यांत रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग हे दोन भाऊ होते. १९८६ मध्ये त्यांनी 'कोडमास्टर्स' ही स्वतःची कंपनी काढली. किंमत तीच, १ पौंड ९९ पेन्स. पुढच्याच वर्षी फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांनी त्यांना 'डिझी' दिला. ऑलिव्हर बंधूंना चेहऱ्यावर भाव दिसतील असं पात्र हवं होतं. छोट्या पडद्यावर चेहरा मोठा काढला, तर धडाला जागाच उरेना. मग चेहऱ्यालाच हातपाय फुटले आणि अंडं तयार झालं. अंड्याचं चित्र फिरवणं सोपं, म्हणून ते उडी मारताना कोलांट्या घेतं. उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, डिझी गडगडत जाऊन पाण्यात पडतो आणि खेळणारा कपाळावर हात मारतो. पहिल्या गेममध्ये त्याला एका वेळी एकच वस्तू उचलता येत होती. 'ट्रेझर आयलंड डिझी' मध्ये तर सबंध गेमला एकच जीव. तरीही ही मालिका ब्रिटनमध्ये प्रचंड लोकप्रिय झाली.

मग दिवस पालटले. मोठ्या कंपन्यांनी आपलेच जुने गाजलेले गेम स्वस्तात काढायला सुरुवात केली. 'ओशन'ची 'हिट स्क्वॉड' मालिका २ पौंड ९९ पेन्सला कालचे सुपरहिट देऊ लागली. अनोळखी कॅसेट कोण घेणार? पाठोपाठ मासिकंच आपल्या अंकावर फुकट कॅसेट चिकटवू लागली आणि दोन पौंडही जास्त वाटू लागले. कार्ट्रिजवर चालणारे कन्सोल आले, त्यांच्या एका गेमची किंमत वीस-तीस पौंडांच्या घरात.

मास्टरट्रॉनिकला ही चाहूल लवकर लागली. १९८७ मध्ये तिने सेगाच्या मास्टर सिस्टिम या कन्सोलचं ब्रिटनमधलं वितरण घेतलं. पुढे व्हर्जिनने कंपनी विकत घेतली, तिचं नाव व्हर्जिन मास्टरट्रॉनिक झालं आणि १९९१ मध्ये सेगाने ती खरेदी केली. युरोपात सेगाचा कारभार पाहणारी कंपनी अशी पेपरविक्यांच्या स्टँडमधून उभी राहिली. मार्टिन अल्पर व्हर्जिनच्या गेम विभागासाठी अमेरिकेला गेला आणि तिथे त्याने 'द सेव्हन्थ गेस्ट' या १९९३ च्या गेमला पाठबळ दिलं. तो दोन सीडींवर येत असे, एका सीडीत मावतच नव्हता. कोडमास्टर्स मोटार शर्यतीच्या गेमकडे वळली. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ती १२० कोटी डॉलरना घेतली.

गेमही मागे राहिलेले नाहीत. ऑलिव्हर बंधूंनी २०२० मध्ये 'वंडरफुल डिझी' हा नवा गेम काढला, तोही स्पेक्ट्रमसाठी. आणि 'थ्रस्ट' तर हौशी प्रोग्रामरांनी अटारी २६०० या १९७७ च्या यंत्रावरही उतरवला आहे. स्मिथच्या गेमपेक्षा ते यंत्र नऊ वर्षांनी जुनं आणि त्याची स्मृती जेमतेम १२८ बाइट्सची. तेवढ्यातही गोळा दांड्याला झुलतो आणि यानाला भिंतीकडे ओढतो.