निंबाळकर, भाऊसाहेब बाबासाहेब
(१२ डिसेंबर १९१९–११ डिसेंबर २०१२). उजव्या हाताने खेळणारे फलंदाज व मध्यमगती गोलंदाज. जन्म व निधन कोल्हापूर येथे. बंधू रावसाहेब हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. भाऊसाहेब महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे आदी संघांकडून खेळले. त्या काळचे संघ आजच्या राज्यांच्या सीमा पाळत नसत. १९४८ साली कोल्हापूर अद्याप संस्थान होते. तरी कोल्हापूरचा फलंदाज ‘महाराष्ट्र’ संघात होता.

त्यांचे नाव टिकले ते एका डावामुळे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपल्यावर महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. त्यांत निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकर २०५. दुसऱ्या गड्यासाठी दोघांची भागीदारी ४५५ धावांची. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विक्रमाला मागे टाकण्यास दहा धावा हव्या असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडून दिला. विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाऊ नये म्हणून त्यांनी तसे केले, असे सांगतात.

प्रतिपक्ष दुबळा होता, म्हणून या डावाचे मोल कमी, हा आक्षेप गोलंदाजीपुरता मान्य करावा लागतो. पण कारकीर्दीचा निवाडा एका डावावर होत नाही. ८० सामन्यांत ४,८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतके व ५८ बळी ही पंचवीस वर्षांची कमाई दुबळ्या काठियावाडच्या खात्यावर घालता येत नाही. तरीही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. या अन्यायाला एक बाजू आहे: त्याच हंगामात वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटी मालिकेत हजारे व मोदी यांनी प्रत्येकी पाचशेहून अधिक धावा केल्या, मधल्या फळीत जागा रिकामी नव्हती. मात्र हे उत्तर त्या हंगामापुरतेच पुरते. पुढील वर्षांत त्यांच्या वाट्याला राष्ट्रकुल संघाविरुद्धचा एक अनधिकृत कसोटी सामना तेवढा आला.

लारा, हनीफ व ब्रॅडमन यांच्यानंतर प्रथम श्रेणीतील चौथी सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच असून चारशेचा टप्पा ओलांडणारे ते एकमेव भारतीय होत. २००२ साली त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला.