बोलणाऱ्याची माती

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणीच्या दोन्ही अंगांचा प्रत्यय एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचा असेल, तर क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) या अमेरिकन जाहिरात-लेखकाच्या चरित्राकडे वळावे.

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मिलवॉकी शहरातील श्लिट्झ ही बिअर-कंपनी त्या धंद्यात पाचव्या क्रमांकावर होती. आमची बिअर शुद्ध, असे प्रत्येक बिअरवाला मोठमोठ्या अक्षरांत छापीत असे; आणि सर्वच जण तसे म्हणत असल्यामुळे कोणाचाच शब्द वाचकाच्या मनात ठरत नसे. काम हाती आल्यावर लेखणी उचलण्याआधी हॉपकिन्स कारखान्यात गेला. तेथे त्याने काय पाहिले? काचेच्या खोल्यांत, गाळलेल्या हवेत बिअर थंड केली जात होती. मिशिगन सरोवर अगदी लगत असूनही पाणी चार हजार फूट खोल विहिरींतून घेतले जात होते. पंप आणि नळ दिवसातून दोनदा धुतले जात. प्रत्येक बाटली यंत्राने चार वेळा स्वच्छ होई. हे तुम्ही लोकांना का सांगत नाही, असे त्याने विचारले. यात विशेष ते काय, सगळेच कारखानदार असे करतात, असे त्याला उत्तर मिळाले.

हॉपकिन्सने नेमके तेच लिहून काढले. 'शुद्ध' या विशेषणाच्या जागी शुद्धतेची सारी कृती वाचकासमोर उभी राहिली. थोड्याच महिन्यांत श्लिट्झ पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीस आली, असे त्याने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पडून राहिलेल्या सोन्याला वाचा फुटली ती अशी.

पण हीच लेखणी पुढे मातीच्या कामी आली. १९०२ च्या सुमारास हॉपकिन्स शिकागोच्या लिक्वोझोन या औषधाच्या धंद्यात शिरला. दम्यापासून क्षयापर्यंतच्या रोगांवर हा उपाय म्हणून सांगितला जाई. पहिली बाटली फुकट, आणि या औषधाने न मरणारा रोगजंतू दाखवील त्याला हजार डॉलर, अशा जाहिराती देशभर झळकल्या. मागणीला पूर आला. १९०५ साली सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने 'कॉलियर्स' साप्ताहिकात या औषधाचे पृथक्करण मांडले. बाटलीत जवळजवळ सारे पाणीच होते. त्यात शेकडा एकाच्या आसपास गंधकाचे आम्ल! ॲडम्सच्या लेखमालेने लोकमत खवळले, आणि १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधे यांच्या शुद्धतेचा कायदा झाला.

कौशल्य दोन्हीकडे तेच होते, भाषाही तीच. फरक एवढाच की, एका ठिकाणी लेखक आधी कारखान्यात जाऊन पाहून आला होता आणि शब्दांमागे वस्तू होती. दुसऱ्या ठिकाणी शब्दांमागे पाणी होते. बिअरच्या बाबतीत फसलेल्या गिऱ्हाइकाचे चार पैसे गेले असते. क्षयाच्या रोग्याचे मात्र खऱ्या उपचाराचे दिवसच गेले.

चांगल्या मालाला चांगला शब्द लाभावा, हे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे, आणि ग्राहकाच्याही. म्हणून जाहिरात लिहिणाराने, आणि ती वाचणाऱ्या आपणही, विशेषण बाजूला सारून त्यामागची वस्तू पाहावी. म्हण खरी आहे. पण माती विकत घेणारा कोणी तरी असतो, ही गोष्ट ती सांगत नाही.