धूरफवारणी, घरगुती

घरात उडणाऱ्या किंवा सांदीकोपऱ्यांत दडून राहणाऱ्या कीटकांचा नाश करण्यासाठी कीटकनाशकाचे अतिसूक्ष्म थेंब बंद जागेतील हवेत पसरविण्याच्या क्रियेस घरगुती धूरफवारणी म्हणतात. हिचे दोन प्रकार प्रचारात आहेत : तापलेल्या नळीच्या यंत्रातून डिझेल वा रॉकेल यांत मिसळलेल्या औषधाचा दाट पांढरा धूर सोडणे हा एक, आणि दाबाखाली भरलेला डबा खोलीच्या मध्यभागी ठेवून, त्याची कळ दाबून, त्यातील सर्व औषध एकाच वेळी मोकळे होऊ देणे हा दुसरा. पहिला प्रकार पावसाळ्यात नगरपालिकांचे कर्मचारी गल्लोगल्ली करतात. दुसरा अमेरिकेत विशेष रूढ आहे.

या फवारणीत वापरले जाणारे पायरेथ्रम म्हणजे डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील, शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाचा अर्क. त्याच्या रचनेवरून सिद्ध केलेली पायरेथ्रॉइड वर्गाची कृत्रिम द्रव्ये आणि मॅलॅथिऑन हीही या कामी वापरली जातात. पायरेथ्रम व पायरेथ्रॉइडे कीटकाच्या मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवून त्याला लुळा करतात. मनुष्याचे यकृत त्यांचे विघटन त्वरेने करू शकते, म्हणून ती तुलनेने सौम्य गणली गेली. परंतु घरातील फवारणीसाठी २ टक्के पायरेथ्रम अर्काच्या १ भागात १९ भाग रॉकेल मिसळण्याची पद्धत ध्यानात घेतली, तर श्वासावाटे आत जाणाऱ्या थेंबात औषधाहून रॉकेलच कितीतरी अधिक असते, ही गोष्ट सौम्यपणाच्या ग्वाहीत सहसा नमूद केली जात नाही.

या धुराने मरतात ते त्या घटकेला हवेत असलेले प्रौढ डासच. पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रीजमागच्या पाण्याच्या तबकात वाढणाऱ्या अळ्यांना त्याची झळ पोचत नाही आणि सात ते दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. यास्तव डेंग्यूचा रुग्ण आढळल्यावर आरोग्य खात्याने करावयाचा हा तातडीचा उपाय होय. लहान मुलांच्या घरात दर पंधरवड्यास करावयाचा परिपाठ नव्हे. झुरळांच्या बाबतीत तर नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, अशा डब्यांनी झुरळांची संख्या घटली नाही, मात्र जमिनीवरील औषधाचा थर वाढला. आमिषाच्या जेलने ती घटली.

मुलांच्या दृष्टीने खरा धोका डोळ्यांना दिसणाऱ्या धुरात जितका आहे, त्याहून तो विरल्यानंतर फरशीवर, चटईवर आणि खेळण्यांवर उरलेल्या, न दिसणाऱ्या लेपात अधिक आहे. वजनाच्या मानाने मूल प्रौढाहून अधिक हवा आत घेते, ही बाब खरीच. पण रांगणारे मूल दिवसभर त्याच फरशीवर हात टेकते, तेच हात तोंडात घालते आणि खुळखुळा चोखते. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक फवारलेल्या घरांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, त्यांत फवारणीनंतर आणलेल्या खेळण्यांवरही ते द्रव्य पुढे दोन आठवडे साचत राहिल्याचे आढळले. ते औषध निराळे होते, तरीही कापडी बाहुल्या अशी द्रव्ये धरून ठेवतात, हा धडा येथेही लागू पडतो.

फवारणी अपरिहार्यच ठरली, तर दुपटी, पाळण्यातील गादी, खेळणी, दुधाच्या बाटल्या, अन्न व पिण्याचे पाणी यांची आधी बाहेर तजवीज करावी; माशांसाठी ही द्रव्ये अत्यंत विषारी असल्याने मत्स्यपात्रही हलवावे. भारतात १९६८ च्या कीटकनाशी अधिनियमाखाली वेष्टनावर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह छापणे सक्तीचे असून, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग उतरत्या क्रमाने विषारीपणा दर्शवितो. तो पाहिल्याखेरीज फवारणी करणाऱ्या कामगारास आत घेऊ नये. गॅसची शेगडी व तिची टाकी बंद करावी, देवघरातील समई-निरांजन शांत करावे, फ्रीजची वीज तोडावी. कारण डब्यातील वायू बहुधा ज्वालाग्राही असतो आणि छोट्या खोलीत एकाहून अधिक डबे फोडल्याने स्फोट झाल्याच्या घटना घडल्या आहेत. गर्भवती स्त्रिया, दम्याचे रोगी व मुले यांच्यासह सर्वांनी घराबाहेर पडावे. वेष्टनावरील मुदत संपल्यावर प्रथम एकट्या प्रौढाने नाक-तोंड झाकून दारे-खिडक्या उघडाव्यात, निदान एक-दोन तास वारा खेळू द्यावा, फरशी व हाताला येणारे पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसावेत. त्यानंतरच मुलांना आत आणावे. रस्त्यावरील फवारणीच्या वेळी यंत्रामागे धुरात धावण्याची मुलांची हौस सर्वत्र आढळते. तीस पालकांनी ठाम मज्जाव करावा.

खोकला, डोळ्यांची आग, त्वचेला मुंग्या येणे ही सौम्य बाधेची लक्षणे होत; लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित होणे व धाप लागणे ही मॅलॅथिऑनच्या वर्गातील गंभीर विषबाधेची. मुलास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे. औषध पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. रॉकेल उलटताना फुप्फुसात शिरले, तर तेथे दाह होतो आणि तो मूळ विषाहून घातक ठरू शकतो. वेष्टन फेकून न देता वैद्याकडे सोबत न्यावे, कारण औषधाचा वर्ग कळल्यावाचून उताऱ्याची निवड करता येत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला घेतानाही वेष्टनावरील नाव हाताशी असावे.